‘राज्य फौजीच्या हातात द्या’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

परवा फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरत आला. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरींचा फोटो, खाली तिरंगा, आणि मजकूर थोडक्यात असा की आयुष्यभर फौजेत राहिलेला, राजकारणाचा गंध नसलेला माणूस मुख्यमंत्री झाला, सहा महिन्यात उत्तराखंड सरळ केलं, त्याआधी एकट्याने देशभर हायवे बांधले, लोकायुक्त आणून भ्रष्टाचार संपवला, घरच्यांना काही दिलं नाही, आणि अशा माणसाला जनतेनेच पाडलं, म्हणून आता प्रत्येक राज्याला फौजी सीएम पाहिजे. पाठवणारे आमचे काका, स्वतः रिटायर्ड सुभेदार, त्यामुळे सगळ्यांचे धडाधड सॅल्यूट पडले. मला खंडुरींबद्दल आदर आहे, म्हणूनच लिहितोय.

आधी तो ‘गंध नाही’ वाला भाग. 1954 ते 1990 ते इंजिनिअर्स कोअरमध्ये होते हे खरं. पण 1991 ला ते गढवालमधून भाजपचे खासदार झाले, 1996 ला पडले, मग 98, 99, 2004 असे परत निवडून आले. म्हणजे 2007 ला मुख्यमंत्री झाले तेव्हा पाच लोकसभा लढवून झाल्या होत्या, वाजपेयींच्या काळात केंद्रात रस्ते खात्याचे मंत्री राहून झालं होतं. याला कोरी पाटी कोण म्हणतं? शिवाय तेव्हा ते आमदार नव्हते, मग सीट रिकामी कोणी केली तर धुमाकोटचे काँग्रेसचे आमदार टी. पी. एस. रावत यांनी, आणि हे रावत पण रिटायर्ड लेफ्टनंट जनरल बरं का. त्यांनी राजीनामा दिला, भाजपमध्ये आले आणि खंडुरींनी सोडलेल्या गढवालच्या खासदारकीला उभे राहून निवडून आले. दोन जनरलांनी सीटांची अदलाबदल केली. हे आपल्याकडे कोणी पुढाऱ्यांनी केलं असतं तर त्यावर वेगळा मेसेज फिरला असता.

हायवेचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे, पण ‘एकट्याने’ नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारी सुवर्ण चतुष्कोन योजना वाजपेयी सरकारची, पेट्रोल-डिझेलवर सेस लावून पैसा उभा केलेला, काम करायला राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण तयार, आणि त्यावर रस्ता-पूल कळणारा, कंत्राटदाराला तारखेवर धरणारा मंत्री बसला. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आपण त्याच चतुष्कोनाच्या मुंबई-चेन्नई बाजूवरून जातो. तिथे पैसा होता, वरून पंतप्रधानांचा हात होता आणि खाली हुकूम ऐकणारी यंत्रणा होती.

डेहराडूनला यातलं काय होतं? बहुमत काठावरचं, सरकार उत्तराखंड क्रांती दल आणि अपक्षांच्या टेकूवर, आणि पक्षातच मुख्यमंत्रीपदाच्या शर्यतीत राहिलेले भगतसिंह कोश्यारी (हो हो, नंतर आपले राज्यपाल झालेले तेच). आमदारांची तक्रार एकच, साहेब भेटत नाहीत, ऐकत नाहीत. कंपनीला ‘दाहिने मुड’ म्हटलं की ती वळते, आमदार आधी विचारतो माझ्या रस्त्याचं काय झालं. 2009 ला लोकसभेच्या पाचही जागा गेल्या आणि खंडुरींना खुर्ची सोडावी लागली.

आणि सहा महिन्यांचंच म्हणाल तर मिझोरामचे ब्रिगेडियर सायलो बघा. जून 1978 ला मुख्यमंत्री झाले आणि पक्षातल्याच फुटीने नोव्हेंबरात सरकार गेलं. पुढच्या वर्षी परत आले तेव्हा मात्र पूर्ण टर्म केली. पंजाबच्या कॅप्टन अमरिंदर सिंगांनी तर निवडणुकीआधी हातात गुटका साहिब (शिखांची प्रार्थनेची पोथी) घेऊन चार आठवड्यात ड्रग्जचं कंबरडं मोडतो अशी शपथ घेतली होती, मुख्यमंत्री होऊन साडेचार वर्षांनी राजीनामा दिला तेव्हा स्वतःच्याच पक्षाचे आमदार तेच विचारत होते.

लोकायुक्त. 2011 च्या सप्टेंबरमध्ये खंडुरींना परत आणलं, निवडणुकीला जेमतेम पाच महिने, आणि नोव्हेंबरात विधानसभेने तो कायदा केला. टीम अण्णाने तोंडभरून कौतुक केलं, अण्णा पण माजी फौजी, तेव्हा रामलीला मैदानावरच्या उपोषणाचा जोर ताजा होता. पण कायद्यात एक मेख होती, मुख्यमंत्री, मंत्री, आमदार यांच्या चौकशीला लोकायुक्ताच्या सगळ्या सदस्यांचं एकमत लागणार, एकाने मान हलवली नाही की संपलं. तरी चला, काहीतरी होतं. नंतर आलेल्या काँग्रेस सरकारने 2014 ला तो बाजूला सारून आपला वेगळा कायदा केला, 2017 ला खंडुरींचाच पक्ष 57 आमदार घेऊन आला आणि नवीन विधेयक विधानसभेच्या प्रवर समितीकडे जाऊन अडकून बसलं. खुर्ची 2013 पासून वर्षानुवर्षं रिकामी. संपवला म्हणे भ्रष्टाचार!

आता ‘जनतेनेच पाडलं’. मला सगळ्यात राग येतो तो याचा. 2012 ला ‘खंडुरी है जरूरी’ म्हणत निवडणूक लढली, धुमाकोट मतदारसंघांच्या पुनर्रचनेत गेलं म्हणून ते कोटद्वारला उभे राहिले आणि साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पडले. भाजप 31, काँग्रेस 32. एका जागेचा खेळ, आणि पडलेली एक जागा खुद्द मुख्यमंत्र्यांची! आपल्याच लोकांनी आतून पाय ओढले असं तेव्हा उघड बोललं जायचं. पण दोनच वर्षांनी गढवाल लोकसभेने, ज्यात हे कोटद्वार येतं, त्यांना दीड लाखाच्या वर लीड देऊन निवडून दिलं. मग दोष जनतेचा कसा? तिने दोन वेगळ्या निवडणुकांत दोन वेगळे विचार केले एवढंच.

घरच्यांचं तर बोलायलाच नको. मुलगी आमदार, 2022 ला त्याच कोटद्वारमधून वडिलांना हरवणाऱ्या सुरेंद्रसिंह नेगींना हरवलं आणि विधानसभा अध्यक्ष झाली, मुलगा 2019 ला काँग्रेसकडून लोकसभेला. त्यांनी कष्ट केले असतील, पण ‘काही दिलं नाही’ हे वाक्य टिकत नाही.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नाहीच. 2018 ला संरक्षणाच्या संसदीय समितीचे अध्यक्ष असताना, स्वतःच्या पक्षाचं सरकार असून, लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट आहे हे त्यांच्या समितीने अहवालात छापलं. त्याच वर्षी अध्यक्षपद गेलं. तो फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. काका स्वतः एक टर्म सरपंच होते, पहिल्या ग्रामसभेला दहाच्या ठोक्याला हजर, माणसं आली साडेअकराला, तोवर काकांनी ऑफिसला कुलूप घालून सभा तहकूब केलेली. पुढचे दोन महिने गावात त्यांच्याशी कोणी धड बोललं नाही, शेवटी रोज संध्याकाळी पारावर जाऊन बसायला लागले तेव्हा कुठे नळाच्या लाईनचा ठराव झाला. म्हटलं काका, कुलूप विसरलात काय? हसले आणि म्हणाले, अरे मेसेज वाचला कोणी, फोटो चांगला होता म्हणून पाठवला.