तहानलेल्याचा अभिप्राय

उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती आधी पाण्याचा तांब्या द्यावा, सोबत गुळाचा खडा ठेवावा आणि त्याच्या जिवात जीव येईपर्यंत त्याला काही विचारू नये, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ही रीत नाही. तेथे उन्हाने कावलेला माणूस दिसला की त्याच्या हाती सायडर या सफरचंदाच्या मद्याचा पेला देतात आणि पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच, "काय काय जाणवलं?" असे विचारतात. तहानलेल्या माणसाला घशाखाली किती उतरते एवढ्याशीच कर्तव्य असते, ही साधी गोष्ट त्या भागातील सज्जनांना कोणीतरी समजावून सांगायला हवी. मी अठरा वर्षे ब्रिस्टलमध्ये राहतो, पण मला ते जमलेले नाही.

२०२२ सालच्या जुलै महिन्यातील १८ तारखेची ही हकीकत आहे. अतिउष्णतेचा लाल इशारा ब्रिटनमध्ये त्या दिवशी प्रथमच लागू झाला होता, लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाची धावपट्टी उन्हाने एके ठिकाणी फुगली होती आणि दुसऱ्याच दिवशी लिंकनशरमधील कॉनिंग्जबी या गावी ४०.३ अंश सेल्सिअसची नोंद होऊन देशाचा आजवरचा विक्रम मोडायचा होता. आमच्या कंपूत माणसे गावाच्या नावाने ओळखली जातात. त्यांपैकी सोलापूरकरांनी सकाळीच फोन करून, "चाळीस? चाळीसला आम्ही मार्चअखेर म्हणतो," अशा शब्दांत या देशाच्या उन्हाळ्याची संभावना केली होती. दुपारी तीन वाजता हेच सोलापूरकर माझ्या परसात मुलांच्या रबरी हौदात पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवून बसले होते आणि काहीही बोलत नव्हते. त्यांचा दोष नव्हता. सोलापुरातील घर उन्हाला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेले असते. येथील घर ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी बांधलेले असते, छताला पंखा नसतो, खिडकी चार बोटे उघडते आणि जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो. अशा घरात बत्तीस अंशांना माणूस भट्टीतल्या पावासारखा फुगतो.

कोल्हापूरकर आणि म्हापसेकर हेही येऊन टेकले होते. घरी सरबताची बाटली होती, फ्रिजमध्ये बर्फही होता आणि दुपार सुखाने गेली असती. परंतु त्याच वेळी कुंपणापलीकडून शेजाऱ्यांचे डोके वर आले. हे शेजारी पंचाहत्तरीचे असून मूळचे शेजारच्या सॉमरसेट परगण्याचे आहेत. माझी मुले त्यांना काका म्हणतात, आणि ही आपल्याला मिळालेली काही पदवी असावी अशा समजुतीने ते ती मिरवतात. "मित्रांना तहान लागलेली दिसते," असे म्हणून काका अंतर्धान पावले आणि पाच मिनिटांनी एका हातात प्लास्टिकचा बुधला व दुसऱ्या हातात पाच पेले घेऊन फाटकातून आत आले.

पेल्यात पडलेला तो द्रव गढूळ, नारिंगी आणि कोमट होता. काका आपले सायडर बागेतल्या लाकडी खोपटात ठेवतात, आणि त्या दिवशी खोपट आमच्यापेक्षाही तापलेले होते. मी नम्रपणे बर्फ आणू का असे विचारले. काकांचा चेहरा असा झाला, की जणू मी पुरणपोळीवर टोमॅटो सॉस मागितला होता. बर्फाने वास मरतो, हे त्यांनी मला शांतपणे सांगितले; मग, २००६ च्या उन्हाळ्यात एका आयरिश कंपनीने जाहिराती करकरून पेलाभर बर्फावर सायडर ओतायची फॅशन कशी आणली आणि साऱ्या देशाची जीभ कशी बधिर केली, हे त्यांनी तितक्या शांतपणे सांगितले नाही.

सायडरची सफरचंदे म्हणजे आपण डब्यात घालून नेतो ती सफरचंदे नव्हेत, हे ज्ञान मला फार पूर्वी याच काकांनी दिले होते. त्यांच्या झाडाचे एक लालबुंद, देखणे फळ मी विश्वासाने चावले, तेव्हा कच्चे जांभूळ आणि सुपारी एकदम चघळल्यासारखे तोंड आवळून आले आणि पुढची दहा मिनिटे मला मराठीसुद्धा बोलता येईना. हा सारा टॅनिनचा, म्हणजे फळातल्या तुरट द्रव्याचा, प्रताप. ब्रिस्टलला लागून असलेल्या लाँग ॲश्टन येथे १९०३ साली सायडरसाठी संशोधन संस्था निघाली आणि तेथील बार्कर नावाच्या शास्त्रज्ञांनी आम्ल व टॅनिन यांच्या प्रमाणावरून या फळांच्या गोड, आंबट, कडूगोड आणि कडूआंबट अशा चार जाती पाडल्या. माणसांनाही लावता यावे इतके हे वर्गीकरण सोयीचे आहे. फळांची नावे तर ऐकत राहावीत अशी आहेत: एकीचे नाव मेंढीचे नाक, दुसरीचे तपकिरी मुस्कट, आणि तिसरीचे 'स्लॅक-मा-गर्डल', म्हणजे सरळ मराठीत सांगायचे तर 'माझा कमरपट्टा सैल करा'. आपल्याकडे हापूस, पायरी, रायवळ अशी घरंदाज नावे ठेवून आपण थांबलो, याची त्या दिवशी मला हळहळ वाटली.

"तर मग, काय जाणवलं?" काकांनी पहिला मोहरा माझ्याकडे वळवला.

मला जे जाणवले होते ते, 'हे गार असते तर बरे झाले असते', असे होते. पण शेजारधर्माला ते शोभले नसते. म्हणून मी बराच विचार करून, "सफरचंदासारखं लागतंय," असे सांगितले. परसात शांतता पसरली. गाण्याच्या बैठकीत एखाद्याने 'आवाज मोठा आहे' अशी दाद द्यावी, तशी माझी गत झाली. सायडर सफरचंदासारखे लागते असे म्हणणे हे त्या प्रांतात अडाणीपणाचे लक्षण मानतात. काकांनी स्वतः घोट घेतला, तो गालातल्या गालात खळखळवला, डोळे मिटले आणि त्यात जुने खोगीर, किंचित लवंग व शेवटी गोठा आहे, असा निर्वाळा दिला.

कोल्हापूरकर एवढा वेळ गप्प होते. त्यांचे बालपण दुभत्याच्या घरात गेलेले आहे आणि या विषयात त्यांना कोणी चकवू शकत नाही. त्यांनी पेल्यावर नाक धरून विचारले, "गोठा गाईचा की म्हशीचा?" आम्ही हसू दाबले, काकांनी मात्र हा प्रश्न एका जाणकाराने दुसऱ्याला विचारावा तसा घेतला, पुन्हा घोट घेतला, पुन्हा डोळे मिटले, आणि म्हशीशी आपला परिचय नसल्याची प्रांजळ कबुली दिली.

याच सुमारास चिपळूणहून आईचा व्हिडिओ फोन आला. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते. हातात काय आहे, हे तिने नमस्काराच्या आधी पाहिले.

"सफरचंदाचा रस आहे, आई," मी म्हणालो. हे वाक्य कोणत्याही न्यायालयात टिकले असते.

"रस आहे तर मग त्याला फेस कसा?"

"शेजारच्या काकांनी घरी काढलाय."

"कधी काढलाय?"

"ऑक्टोबरात."

आई काही क्षण थांबली. "मागच्या ऑक्टोबरातला रस जुलैत पितोयस? अरे, आंबला असेल तो!" माझ्या आईने सायडरची संपूर्ण कृती एका वाक्यात सांगितली होती. काका खरोखरच काहीही करत नाहीत. फळे चिरडतात, लगदा फडक्यांत गुंडाळून थरावर थर रचतात, त्या चवडीला 'चीज' म्हणतात, ती दाबून रस काढतात आणि पिपात भरून ठेवतात. सालीवरचे आणि दाबयंत्रावरचे रानटी यीस्ट पुढचे सारे पाहून घेते. 'चीज' हा शब्द ऐकून सोलापूरकरांनी हौदातूनच, ते पनीरसारखे असते काय, अशी चौकशी केली; आणि कृती पूर्ण ऐकल्यावर, "म्हणजे ठेवून विसरलात आणि झालं," असा तिचा गोषवारा काढला. पहाटेची नीरा ऊन चढल्यावर काय होते हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नव्हतेच.

म्हापसेकरांना मात्र ही 'चीज' ऐकून भरून आले. गोव्यात काजूची बोंडे पायांनी तुडवतात, लगद्याचा ढीग रानवेलीने आवळून बांधतात, त्यावर दगड ठेवतात आणि आपसूक नितळणारा गोड नीरो वेगळा धरतात, हे ते काकांना हातवारे करून सांगू लागले. तुडवलेला रस आंबवून त्याची पहिली धार काढली की हुर्राक होते आणि ते मार्च ते मे एवढेच मिळते, इथपर्यंत आल्यावर त्यांचा आवाज दाटला. घर सोडलेल्या माणसाला उन्हाळ्यात कशाची आठवण येईल याचा नेम नसतो. मग हुर्राकाचा थाट सायडरला देण्यासाठी ते उठले, माझ्या स्वयंपाकघरात गेले, हिरवी मिरची, मीठ आणि लिंबू-सोड्याची बाटली घेऊन आले आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी मिरची उभी चिरून काकांच्या किंग्स्टन ब्लॅक जातीच्या, दोन वर्षांतून एकदा धरणाऱ्या झाडाच्या, खोगीर-लवंग-गोठायुक्त सायडरमध्ये सोडली.

काकांनी त्या मिरचीकडे पाहिले. रागवावे की नाही, हे ठरेना तेव्हा ते १७६३ सालावर रागावले. त्या साली लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारने सायडरवर कर बसवला आणि वसुली अधिकाऱ्यांना लोकांच्या घरात शिरून पिंपे मोजण्याची मुभा दिली; लोकांनी एवढा गदारोळ केला, की १७६६ साली तो कर मागे घ्यावा लागला. आपण १७६१ चे पानिपत ज्या पोटतिडकीने काढतो, अगदी त्याच पोटतिडकीने काका हा कर काढतात. फरक एवढाच, की त्यांची बाजू जिंकली होती आणि तरीही त्यांचा राग गेलेला नाही. तेथून ते शेतमजुरांवर आले. पूर्वी या भागात मजुरीचा काही हिस्सा सायडरच्या रूपाने देत आणि कापणीच्या उन्हात गडी दिवसभर तेच पीत. १८८७ च्या कायद्याने ही पद्धत बेकायदा ठरली. "दिवसभर पीत आणि तरी गवत सरळ कापत?" असे सोलापूरकरांनी विचारले, त्याचे उत्तर मिळाले नाही. मी वातावरण हलके करण्यासाठी, अठराव्या शतकात सॉमरसेटला लागून असलेल्या डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना पोटशूळ होई आणि जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरांनी १७६७ साली त्याचे कारण दाबयंत्रांतले शिसे असल्याचे दाखवून दिले, ही माहिती पुढे केली. वातावरण हलके झाले नाही. कोल्हापूरकरांनी आपला पेला हळूच खाली ठेवला.

"डेव्हन," काका म्हणाले. "सॉमरसेट नव्हे."

पेला खाली ठेवला तरी कोल्हापूरकर स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हेत. स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात बाटली डोक्यावर धरून, पेला कमरेपाशी नेऊन, वरून बारीक धार सोडतात, म्हणजे सायडरला हवा लागते, आणि तो घोटभर फेस जिरण्याआधीच पिऊन टाकतात, हे त्यांनी सहलीत पाहिले होते. आमच्या टपरीवरचा चहावाला याहून उंचावरून ओततो, अशी प्रस्तावना करून त्यांनी बुधला दोन्ही हातांनी वर उचलला. पाच लिटरचा बुधला आणि बाटली यांत फरक असतो. धारेतला थोडा भाग पेल्यात गेला, बराचसा उजव्या बुटात गेला, आणि गांधीलमाश्यांना ही बातमी कशी पोहोचते कोणास ठाऊक, पण मिनिटभरात त्या बुटापाशी जत्रा भरली. कोल्हापूरकर एका पायावर लंगडी घालत परसाला दोन फेऱ्या मारून हौदात शिरले. सोलापूरकर त्या दुपारी प्रथमच मोकळेपणाने हसले.

एव्हाना पाच वाजून गेले होते. त्या सायडरमध्ये सात टक्के तरी मद्यार्क असावा. मद्यार्क पोटात गेला की शरीर नेहमीपेक्षा जास्त पाणी बाहेर टाकू लागते, त्यामुळे दोन तासांच्या रसास्वादानंतर माझी जीभ टाळूला चिकटली होती. कोरड्या चवीचे, म्हणजे गोड नसलेले, सायडर असे त्याचे वर्णन काकांनी केलेच होते. ते शब्दशः खरे आहे हे मला आता कळत होते. "मिठाई आणतो," अशी थाप मारून मी आत सटकलो. स्वयंपाकघरात म्हापसेकर नळाला तोंड लावून उभे होते. "बर्फ संपवू नका," एवढेच मी म्हणालो आणि फ्रिजमधला जग थेट तोंडाला लावला. तेवढ्यात कोल्हापूरकर एक बूट घालून आत आले आणि त्यांच्यामागून ओल्या पावलांचे ठसे उमटवीत सोलापूरकर आले. चार माणसे एका नळाभोवती, कोणी काही बोलत नाही, फक्त गटगट असा आवाज, असे ते दृश्य होते.

मागच्या दाराशी पावले वाजली. काका आत आले, त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. पेला त्यांनी घरचाच आणला होता, तो त्यांनी विसळून माझ्यापुढे धरला.

"पाणी," ते म्हणाले. आणि मग, दाराकडे एकदा पाहून, "थोडा बर्फ घातलास तरी चालेल."

मी चार खडे घातले. त्यांनी पेला उचलला, तेव्हा अठरा वर्षे मनात साठलेले मला आवरेना.

"काय काय जाणवतंय, काका?"

त्यांनी पेला एका दमात रिकामा केला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.