बीटलमध्ये १६०० इंजिन बसवलं त्याचा १ स्टार रिव्ह्यू : गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला, आमच्या पोरांनी गॅरेजमध्ये मोठ्याने वाचून पण दाखवला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलसाठी तुम्ही मागितलं होतं जपानी सुबारू कंपनीचं दोन लिटर इंजिन आणि आम्ही घाबरवून १६०० सीसीचं गळ्यात मारलं, न विचारता ब्रेकचं बिल लावलं, एवढं करून गाडी ९० च्या वर बोंबलतेच, बोरघाटात तापली, आणि वर जुनं इंजिन, म्हणजे तुमच्या भाषेत जुनं लोखंड, पेटीत भरून परत पाठवलं. नाव घेत नाही, गाडीचा नंबर पण लिहीत नाही, पण हे बीटलवाले बाकी लोक पण वाचणार म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सुबारूचं. ती आयडिया वेडी आहे असं मी कधीच म्हटलं नाही. बाहेरच्या देशात बीटलमध्ये सुबारू टाकतात आणि का टाकतात ते पण कळतं, तेही बीटलच्या इंजिनसारखंच बॉक्सर म्हणजे आडवं झोपलेलं चार सिलिंडरचं इंजिन, लांबीला आखूड, मागच्या खणात मावतं. पण आपल्याकडे सुबारूच्या नावाने गाडी विकली गेली नाही, शेव्हरोलेच्या नावाने फॉरेस्टर आली होती तेवढीच, आणि तुम्ही जे फोटो पाठवले ते तिचंच भंगारातलं इंजिन होतं, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर नाही, वायरिंग मधून कापलेलं. समजा मिळालं सगळं. ते पाण्यावर चालणारं इंजिन, म्हणजे रेडिएटर पुढे, पाण्याचे पाइप अख्ख्या गाडीच्या पोटाखालून मागेपर्यंत, गिअरबॉक्सला जोडायला ॲडाप्टर प्लेट, इंजेक्शनसाठी जास्त प्रेशरचा पेट्रोल पंप आणि रिटर्न लाइन. आणि तुमची गाडी १९६४ ची, ३४ हॉर्सपॉवरसाठी बनलेली. त्याच गिअरबॉक्सवर तिप्पट ताकद टाकायची आणि मग तिसरा गिअर गेला की परत रिव्ह्यू मलाच!

आणि खरं दुखणं तर त्याच्याही मागे आहे. बीटलचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही पाठीमागे लटकतं, गाडीचं साधारण ६० टक्के वजन आधीच मागे. तुमच्या मॉडेलला मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे चाक ॲक्सलसकट वरखाली झुलतं. वळणावर मधेच ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला की मागचा भाग उचलतो, चाक आत दुमडतं आणि गाडी शेपटाकडून फिरते. ३४ हॉर्सपॉवरमध्ये हे सहसा कळत नाही कारण वळणावर तेवढा स्पीडच नसतो. पोर्शेने स्वतः त्यांच्या ९११ ला, तिचंही इंजिन असंच मागे लटकतं, १९६९ च्या मॉडेलमध्ये व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटर वाढवला आणि एका बॅटरीच्या दोन करून पुढच्या दोन कोपऱ्यात टाकल्या, मागच्या वजनाला तोल म्हणून. ज्यांनी गाडी बनवली त्यांना हे करावं लागलं आणि मी तशी गाडी ताम्हिणीच्या वळणांवर तुमच्या भरवशावर सोडून देऊ? याला तुम्ही घाबरवणं म्हणत असाल तर हो, घाबरवलं.

आता १६०० का. ते फोक्सवॅगनचंच आहे साहेब, परकं नाही, नंतरच्या बीटलमध्ये कंपनीतूनच यायचं. तुमचं ११९२ सीसी, हे १५८४ सीसी, ट्विन पोर्ट म्हणजे प्रत्येक हेडला हवा-पेट्रोल आत घ्यायच्या दोन वाटा, ३४ च्या जागी ५० हॉर्सपॉवर, आणि घाटात जे खरं लागतं ते टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ८२ वरून १०६ न्यूटन मीटर. वजनात फार फरक नाही, बोल्ट तेच चार, रेडिएटर नको. पण लोकांना वाटतं चार बोल्ट काढले, चार लावले, झालं. तुमची गाडी ६ व्होल्टची. तिचा फ्लायव्हील १०९ दातांचा, क्लच १८० मिलिमीटरचा, १६०० चा फ्लायव्हील १३० दातांचा आणि क्लच २०० चा, तो फ्लायव्हील जुन्या बेलहाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाला, आतून घासतो, मग गिअरबॉक्स खाली घेऊन तेवढी जागा ग्राइंड करायची, स्टार्टरचं बुश वेगळं, आणि अख्खी गाडी १२ व्होल्टवर न्यायची, बल्ब, कॉइल, वायपर सगळं. तुम्ही लिहिलंय "इंजिन एका दिवसात बसतं, यूट्यूबवर बघितलंय". इंजिन अर्ध्या तासातही बसतं, ज्या गाडीतून काढलं त्याच गाडीत परत बसवायचं असेल तर.

ब्रेकचं बिल न विचारता लावलं हे मात्र साफ खोटं आहे. एस्टिमेटमध्ये ती ओळ होती, व्हॉट्सॲपवर तुम्ही अंगठा दाखवलाय, मेसेज अजून आहे, इथे टाकत नाही कारण त्यात तुमचा नंबर दिसतो. चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर सिंगल सर्किट, म्हणजे एक पाइप फुटला की पेडल सरळ फरशीला आणि चारही चाकं मोकळी. आतले व्हील सिलिंडर गळत होते, लायनर तेलाने भिजलेले. इंजिन मोठं करायचं आणि हे तसंच ठेवायचं, असं काम या गॅरेजमधून बाहेर जात नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आम्ही ड्युअल सर्किट मास्टर सिलिंडर टाकला, नवे व्हील सिलिंडर, लायनर, होस. पुढे डिस्क घ्या असं पण म्हटलं होतं, तो खर्च तुम्ही नको म्हणालात, ठीक आहे, तो तुमचा निर्णय. पेट्रोलचे पाइप पण त्याच बिलात आहेत, ते सगळ्या बीटलवाल्यांनी बदलाच, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुना रबरी पाइप त्याने नरम पडतो, चिरतो, आणि बीटलमध्ये हा पाइप गरम इंजिनच्या डोक्यावरूनच जातो. मागून धूर दिसेपर्यंत पुढे बसलेल्याला पत्ता नसतो.

९० च्या वर आवाज. मान्य, येतो. पण तो १६०० चा दोष नाही, गिअरबॉक्सचा हिशोब आहे. तुमच्या गिअरबॉक्सचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांकडे जाणारा शेवटचा गिअर, ४.३७५, चौथा गिअर ०.८९, म्हणजे १०० च्या स्पीडला इंजिन मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरणार, मग मागे १२०० असो नाहीतर १६००. मोठं इंजिन टाकून आरपीएम कमी होत नाही, चढ लागला की स्पीड पडत नाही एवढंच. आवाज कमी हवा तर नंतरच्या मॉडेलचा ३.८७५ चा गिअरबॉक्स लागेल, त्याने साडेतीनशे-पावणेचारशे आरपीएम वाचतात आणि १६०० तो आरामात ओढतं. हे तुम्हाला गाडी घेताना बोललो होतो, तुम्ही म्हणालात पुढच्या वर्षी बघू. बघू की!

आता तापण्याचं, कारण खरा राग त्याचाच दिसतोय. आमच्याकडून गाडी गेली तेव्हा इंजिनवर कंपनीचा काळा पंख्याचा पत्रा होता आणि इंजिनच्या कडेने नवीन रबर सील. तुम्ही घाटात थांबून जो फोटो रिव्ह्यूला लावलाय तो झूम करून बघा. क्रोमचा चकचकीत पत्रा आहे आणि सील मागच्या बाजूने कापून टाकलंय. ॲक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतलंत, दिसायला झकास आहे, नाही म्हणत नाही. पण हे इंजिन हवेवर थंड होतं आणि हवा नुसती पंख्याने मिळत नाही, तो पत्रा हवा वळवतो. मूळ पत्र्याच्या आत पट्ट्या असतात, त्या चारही सिलिंडरला हवा वाटून देतात, स्वस्त क्रोमच्या पत्र्यात त्या नसतातच. आणि सील म्हणजे वरची थंड हवा आणि खालची सायलेन्सरची गरम हवा यांच्यातली भिंत, ती कापली की पंखा खालची भट्टीसारखी हवा परत ओढून इंजिनवर मारतो. जुन्या इंजिनात ऑइल कूलर पत्र्याच्या आत तीन नंबर सिलिंडरच्या वाटेत असायचा, तीन नंबर कायम गरम. नंतरच्या १६०० मध्ये कंपनीने तो बाजूला काढून वेगळ्या डब्यात टाकला, तुम्हाला तेच इंजिन मुद्दाम दिलं होतं, आणि त्या क्रोमच्या पत्र्याला त्या डब्याचं तोंडच नाही. अडीच लिटर ऑइल आहे त्यात साहेब, फिल्टर नाही, नुसती जाळी. एवढ्यावर बोरघाट चढायचा तर पत्रे जागच्या जागी पाहिजेत.

राहिलं ते जुनं लोखंड. एक तर ते लोखंड नाही, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा क्रँककेस म्हणजे इंजिनचं मुख्य खोकं आहे. दुसरं, ते तुमच्या आरसी बुकावरच्या नंबरचं इंजिन आहे. भंगारवाल्याला विकून तुमच्या बिलातून पैसे कापायला सांगत होतात, मी नाही ऐकलं. इंजिन बदललं की आरटीओकडे नोंद लागते, कागद आम्ही तयार करून दिलेत, पुढे तुम्ही गेलात का ते तुम्हालाच माहीत, नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला पहिलं बोट तिथेच ठेवणार. आणि २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा विंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यात मोठी फेरफार चालत नाही. उद्या तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला तो नंबर घ्यावासा वाटला तर ती पेटी उघडावी लागेल. सिलिंडरमध्ये ऑइल घालून, तोंडं बंद करून दिलंय, ओलीत ठेवू नका.

तर आता असं करा, तो क्रोमचा पत्रा भिंतीला लावायचा असेल तर लावा, गाडीवर नको. आमचा काढलेला काळा पत्रा फेकला नसेल तर घेऊन या, फेकला असेल तर आधी फोन करा, जुना एखादा शोधून ठेवतो. सीलचे पैसे लागतील, मजुरी घेणार नाही. तापलेल्या इंजिनच्या हेडला स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्हच्या मधे चीर गेली आहे का ते पण बघावं लागेल, ट्विन पोर्टची ती खोड आहे, तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. आदल्या रात्रीच गाडी आणून सोडा, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवरच सेट होते.