आमच्या भागाला बंदर मिळालंच पाहिजे!

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या वाढत्या भागाच्या व्यापारी मंडळाचं अध्यक्षपद तुमच्याकडे चालून आलंय. विमानतळाची धावपट्टी लांबवून झाली, हमरस्ता रुंद झाला, गोदामांची छपरं नजर पोचेल तिथवर पसरली. आता मागायचं काय? विद्यापीठ आहे, स्टेडियम आहे. शेजारच्या शहराकडे आहे आणि आपल्याकडे नाही अशी एकच गोष्ट उरते: पोर्ट ऑफ एन्ट्री. म्हणजे परदेशातून आलेला माल कस्टम्सच्या दप्तरी दाखल करून, शुल्क भरून सोडवून घ्यायचं अधिकृत ठिकाण. मागून टाका. त्या देशात अशी सव्वातीनशेच्या वर ठिकाणं आहेत. आणखी एकानं कुणाचं काय जातंय?

पोर्ट या शब्दानं आधी बिचकू नका. पाणी लागत नाही. समुद्र हजार मैलांवर असला तरी चालतो, अट एवढीच की रेल्वे, विमान, जहाज आणि हमरस्ता यांतल्या निदान दोन मोठ्या सोयी हव्यात. हमरस्ता तुमच्याकडे आहेच. दुसरी सोय म्हणून गावाबाहेरून दिवसाआड शिट्टी वाजवत जाणारी मालगाडी धरा. निवेदनात तिला 'विस्तृत रेल्वे जाळे' म्हणायचं.

आता लोकसंख्या. नियम म्हणतो, सेवाक्षेत्रात किमान 3 लाख माणसं हवीत, आणि सेवाक्षेत्र म्हणजे साधारण 70 मैल त्रिज्येचा परिसर. भाबडा माणूस इथे जनगणनेचा अहवाल उघडतो. तुम्ही कंपासपेटी उघडा. 70 मैल त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पंधरा हजारांहून जास्त चौरस मैल. कंपासचं टोक कुठे रोवायचं एवढाच काय तो प्रश्न. शहराच्या मुख्य चौकात रोवून आकडा भरत नसेल तर विमानतळावर रोवा. तिथेही भरत नसेल तर विमानतळ मुळात चुकीच्या जागी बांधलाय. पण ते आता बोलायचं नाही. शेजारचं शहर अख्खं तुमच्या वर्तुळात आलं तर संकोच कसला? त्यांच्या वर्तुळात तुम्ही केव्हापासूनच आहात. जनगणनेत माणूस एकदाच मोजला जातो, बंदराच्या अर्जांत मात्र जितकी व्यापारी मंडळं तितक्या वेळा.

एकट्यानं जमत नसेल तर मोट बांधा. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवर ब्रिस्टल, किंग्जपोर्ट आणि जॉन्सन सिटी या परिसराला मिळून 'ट्राय-सिटीज' नावाचं एकच बंदर मिळालंय. यातल्या ब्रिस्टलच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द जाते. या फुटपाथवर टेनेसी, समोरच्या फुटपाथवर व्हर्जिनिया. किंग्जपोर्टच्या तर नावातच पोर्ट होतं, पण तेवढ्यावर कस्टम्सवाले ऐकत नाहीत. तेव्हा शेजाऱ्याशी जुनं भांडण असेल तर ते अधिसूचना निघेपर्यंत तहकूब ठेवा. नंतर आहेच.

खरी मेख कामाच्या आकड्यांत आहे. हे निकष 1982 साली आखले गेले, 1986 आणि 1987 मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. वर्षाला परदेशाहून येणारे 15,000 विमानप्रवासी, किंवा परदेशाहून येणारी 2,000 नियमित विमानं, किंवा 350 जहाजं, किंवा देशात खपणाऱ्या मालाचे 2,500 दाखले, म्हणजे माल सोडवायला कस्टम्सकडे भरायची कागदपत्रं. वाचून पोटात गोळा येईल. कारण परदेशी विमान उतरवायला कस्टम्स लागतं आणि कस्टम्स मिळायला परदेशी विमान लागतं. पण घाबरू नका. हे काम प्रत्यक्ष असलं पाहिजे, अथवा 'संभाव्य' असलं तरी चालतं. संभाव्य! ज्यानं हा शब्द नियमात घातला त्याचा तुमच्या चौकात पुतळा हवा. प्रत्यक्ष काम मोजायला माणूस लागतो, संभाव्य काम मोजायला सल्लागार. सल्लागार आलेख काढून देतात आणि त्या आलेखाची रेघ खाली जाताना अजून कुणी पाहिलेली नाही.

मात्र 2,500 दाखल्यांच्या अटीला एक बारीक शेपूट आहे: त्यांतले निम्म्याहून जास्त एकाच पार्टीचे असता कामा नयेत. 'वाढता प्रदेश' म्हणजे नेमकं काय, हे इथे उघड्यावर येतं. बऱ्याच ठिकाणी प्रदेश वाढतो म्हणजे एक कारखाना वाढतो आणि बाकीचे त्याच्या पार्किंगची सोय बघतात. तुमचं तसं असेल तर उरलेले निम्मे दाखले कुठून आणायचे याची चिंता सुरू करा. दुकानदारांना परदेशी माल मागवायचं आवाहन करा. देशभक्तीच्या भाषणात हे कसं बसवायचं ते तुम्हाला आमच्यापेक्षा बरं जमतं.

पैशांची अट गोड आहे. प्रदेशाला होणारा फायदा सरकारच्या खर्चाला पुरून उरेल असं दाखवावं लागतं, आणि सरकारचा खर्च कमी राहावा म्हणून तो तुम्ही करायचा असतो. कचेरी, तपासणीची जागा, माल अडकवून ठेवायचं कुलूपबंद गोदाम, सगळं त्यांच्या मापानं बांधून फुकट द्यायचं. भाडं मागायचं नाही. लग्न आपलं, मांडव आपला, पाहुण्यांनी यायचं की नाही ते पाहुण्यांनी ठरवायचं.

आणि एवढ्यातही आकडे भरले नाहीत तर 1984 च्या कायद्यानं एक पळवाट ठेवलीय: 'युजर फी' विमानतळ. कस्टम्सचा अधिकारी येतो, त्याचा खर्च विमानतळानं भरायचा. एका अधिकाऱ्याचं वर्षाचं बिल लाख डॉलरच्या वर जातं. हसू नका, आपल्याकडेही आतल्या भागातला कंटेनर डेपो चालवणाऱ्याकडून कस्टम्सच्या पदांचा खर्च वसूल होतो तो पदाच्या सरासरी मासिक खर्चाच्या 1.85 पट, वर भत्ते वेगळे. ते 1.85 कुठल्या पंचांगातून आलं ते विचारू नये. ट्राय-सिटीजचा विमानतळ आधी असाच स्वतःच्या पैशानं अधिकारी ठेवून होता, बंदर मिळाल्यावर तो दर्जा संपला. अधिकारी तोच, टेबल तेच, बिल मात्र गेलं वॉशिंग्टनला. खरं सांगायचं तर सगळ्या अर्जांतला मला मनापासून पटलेला एवढाच एक हेतू. पण तो निवेदनात लिहू नका, तिथे 'जागतिक अर्थव्यवस्थेशी जोडणी' असं लिहा.

दुसरा एक हेतूही झाकून ठेवा. 1934 च्या कायद्यानं प्रत्येक पोर्ट ऑफ एन्ट्रीला निदान एका परदेशी व्यापार क्षेत्राचा हक्क दिलाय. तिथे माल आणून ठेवायचा, त्यावर प्रक्रिया करायची. शुल्क द्यायचं ते माल तिथून देशातल्या बाजारात काढताना. हे क्षेत्र बंदराच्या हद्दीपासून 60 मैलांच्या किंवा गाडीनं 90 मिनिटांच्या आत हवं. आता ज्यांच्या जमिनी त्या 90 मिनिटांत येतात त्यांची नावं मंडळाच्या कार्यकारिणीशी ताडून पाहायचा खोडसाळपणा कुणी करू नये. आणि 90 मिनिटं मोजायला तुमच्या घरचा तरुण ड्रायव्हर पाठवा, पोटातलं पाणी हलू न देणारा नको.

एक प्रश्न मात्र कुणीतरी सभेत उभं राहून विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. तुम्ही म्हणणार, आमच्या व्यापाऱ्यांना कागद घेऊन दोन तास गाडी हाणावी लागते. तो म्हणेल, कुठले कागद? दाखले संगणकावरून भरले जातात. मोठ्या बंदरावर उतरलेला माल बॉण्डवर, म्हणजे शुल्क न भरता नुसत्या हमीवर, आत खोलवर नेता येतो. शुल्काचं काम धंद्यानुसार वाटून दिलेली दहा केंद्रं बघतात. आणि डिसेंबर 2022 पासून कस्टम्स ब्रोकरला, म्हणजे व्यापाऱ्याच्या वतीनं माल सोडवणाऱ्या दलालाला, जिल्ह्याजिल्ह्याचा परवानाच लागत नाही, एका राष्ट्रीय परवान्यावर तो घरी पायजम्यात बसून सगळ्या देशाचा माल सोडवतो. गंमत म्हणजे संगणकावरून दाखले भरण्याची हमी तुमच्याच अर्जात आहे. म्हणजे बंदर मिळवायचं तर त्याच्याशिवाय चालवता येणारं काम करून दाखवायचं! या माणसाशी वाद घालू नका. त्याला स्वागत समितीत घ्या.

पुढचं सोपं आहे. सरकारी राजपत्रात प्रस्ताव निघेल, त्यात तुमच्या बंदराची हद्द रस्त्यारस्त्यानं लिहिलेली असेल, आणि हरकती-सूचनांसाठी मुदत मिळेल. पाठिंब्याची पत्रं भरपूर धाडा, फक्त सगळ्यांत शुद्धलेखनाची तीच चूक राहणार नाही एवढं बघा. मग अंतिम नियम, फीत, फोटो. पहिल्या दिवशी अधिकारी वेळेवर येईल, नवी कोरी खुर्ची मागेपुढे सरकवून बघेल आणि संगणक उघडून बसेल. त्याला दुपारपर्यंत एकटं वाटू नये म्हणून एखादा दाखला हाताशी ठेवा. निम्म्याहून जास्त तिथलेच नकोत, पण पहिला कारखान्यातून आणला तर चालेल.

आणि हो, गाफील राहू नका. मोट सुटली की शेजारच्या शहराचा वेगळा अर्ज येईल. त्यांनी कंपासचं टोक रोवलं असेल आणि तुमची सगळी माणसं त्यांच्या वर्तुळात मोजली गेली असतील. लगेच हरकत घ्या: इतक्या जवळ दुसरं बंदर म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी. मसुद्यासाठी वकील लावू नका. ते तुमच्या मोटेत येण्याआधी त्यांनी तुमच्या पहिल्या अर्जावर घेतलेली हरकत फाइलमध्ये आहे. गावाचं नाव तेवढं बदला.