चार जुनी चाकं आणि काही फुकटचे सल्ले

जपानची जुनी अलॉय व्हील्स आणून आपल्या गाडीला लावायची असं ज्यांच्या डोक्यात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमच्याकडे पैसे जास्त झालेत, ऑफिसच्या रजा शिल्लक आहेत आणि बीपी अगदीच नॉर्मल आहे, असं धरून चालतो. तिन्हीची सोय होईल.

सुरुवात गाडीपासून. कंपनीनेच जिच्यावर पाणी सोडलंय अशी गाडी हवी. माझ्याकडे २००८ ची सिव्हिक आहे. सिव्हिक भारतात २००६ ला आली, २०१३ ला गेली, २०१९ ला परत आली आणि २०२० ला पुन्हा गेली. थोडक्यात, आमच्या शेजाऱ्यांचा अमेरिकेतला मुलगा. तिला पाच नटांची, ११४.३ पीसीडीची (नटांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), ६४.१ बोअरची (मधलं भोक) रिम लागते. पुण्याच्या नाना पेठेत गेलात तर दुकानदार दहा मिनिटांत सोळा इंची नवा सेट समोर मांडतो. ३२ हजार, फिटिंगसकट, वर चहा. हे कटाक्षाने टाळा. नाना पेठेत जाणं म्हणजे अभ्यास नसल्याचं लक्षण. आपण रात्री दीड वाजता, सगळे झोपल्यावर, जपानी लिलावात बोली लावायची.

मी लावली. ४२ हजार येनला सुटली, म्हणजे साधारण साडेचोवीस हजार रुपये. विकणाऱ्याने एका रिमवरच्या ओरखड्याचे चार फोटो टाकले होते, शेजारी फूटपट्टी ठेवून. ओरखडा दोन मिलिमीटरचा. इतका प्रामाणिक माणूस आपल्याला गोत्यात आणणार, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

मुहूर्तही नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मी घरी म्हणालो, "आता मागवण्यात शहाणपण आहे, दहा टक्के वाचतात." हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं, बहुतेक वेळा मी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करत असताना.

ट्रॅकिंग नंबर पाठ करू नका. माझा अजून पाठ आहे.

मग टॅक्स. हा विषय सोपा आहे, उगाच बाऊ करतात लोक. आधी १५ टक्के कस्टम ड्यूटी. त्या ड्यूटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग माल, ड्यूटी आणि अधिभार यांची बेरीज करायची आणि तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे १०० रुपयांच्या मालावर आधी १५, मग दीड, मग ११६ रुपये ५० पैशांचे १८ टक्के. एकूण ३७ रुपये ४७ पैसे. आणि हे १०० रुपये म्हणजे तुम्ही मोजलेले १०० नव्हेत बरं का, त्यात बोटीचं भाडं आणि विमाही आला. विमा काढलाच नसेल तर? काळजी नको, किमतीच्या १.१२५ टक्के विमा होता असं धरतात. न काढलेल्या विम्यावरही टॅक्स भरायला मिळतो. एवढा मान आपल्याला दुसरं कोण देतं?

पुढचा सल्ला सीएचएबद्दल, म्हणजे आपला माल कस्टम्समधून सोडवणाऱ्या एजंटबद्दल. सरकारने त्यांचं नाव कधीच 'कस्टम्स ब्रोकर' करून टाकलंय, पण न्हावा शेवाच्या बंदरापासून स्वारगेटपर्यंत सगळे सीएचएच म्हणतात. सीएचए असा निवडा की जो प्रत्येक प्रश्नाला "बघतो सर" म्हणेल. बिल ऑफ एंट्री, म्हणजे काय माल आणतोय ते सांगणारा कस्टम्सचा कागद, जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५ हजार, चौथ्या दिवसापासून रोजचे १० हजार. माझ्या माणसाने दोन दिवस उशीर केला, कारण माझ्या आधार कार्डाचा फोटो त्याला धूसर दिसत होता. हे त्याने मला जहाज लागल्यावर सांगितलं. १० हजार माझे गेले. तो म्हणाला, "होतं सर असं."

आता मुख्य सल्ला, हा नीट वाचा. मालाच्या वर्णनात 'यूज्ड' हा शब्द अवश्य लिहा.

खरं आहे ते लिहायचं, आपल्याला घरी तेच शिकवलंय. जपानी माणसाने कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, वापरलेली अलॉय चाकं, नग चार. तो शब्द दिसला आणि सगळं थांबलं. आपल्या परदेश व्यापार धोरणात जुन्या मशिनरीचं प्रकरण वेगळं आहे, पण बाकीचा कुठलाही जुना माल 'रिस्ट्रिक्टेड' आहे. म्हणजे आधी डीजीएफटीचा, म्हणजे परदेश व्यापाराच्या सरकारी खात्याचा, परवाना काढा, मग आणा. चार चाकांसाठी. घरच्या गाडीच्या. मी परवाना काढला नव्हता, ही माझी चूक, शंभर टक्के मान्य. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, तेही मान्य. पण कायदा ज्याच्या पोटापाण्याचा धंदा आहे त्या सीएचएला मी माल सुटायच्या आधी, बोली लावायच्या आधी, लेखी विचारलं होतं, "जुनी रिम आहे, काही अडचण?" त्याचं उत्तर फोनमध्ये जपून ठेवलंय. अंगठा. नुसता पिवळा अंगठा!

मग कळलं की माल जप्त होण्यास पात्र आहे. घाबरू नका, १९६२ च्या कस्टम्स कायद्यात कलम १२५ आहे, दंड भरून आपलाच माल आपणच सोडवून घ्यायचा. शिवाय कलम ११२ आहे, त्याखाली वेगळी पेनल्टी. हे लवकर उरकायचं असेल तर एक पत्र लिहून द्यावं लागतं. पत्रात काय लिहायचं? तर मला कारणे दाखवा नोटीस नको, माझी सुनावणीही घेऊ नका, काय तो निकाल द्या. हे पत्र आपणच लिहायचं, आपणच सही करायची, तारीख घालायची. आणि नाही लिहिलं तर? मग नोटीस निघेल, तारीख पडेल, तोवर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराच्या कंटेनर गोडाऊनमध्ये, ग्राउंड रेंट चालू. रोजचा. रोज!! त्या गोडाऊनच्या भाड्यात मी तिथेच बंदराशेजारी द्रोणागिरीला भाड्याने राहिलो असतो, चाकं उशाला घेऊन.

अजून संपलं नाही. चाकांची किंमत लिलावाच्या पावतीवर छापलेली आहे, ती बँकेतून गेली आहे, बँकेचा कागद आहे. ती चालत नाही. जुन्या मालाची किंमत चार्टर्ड इंजिनियर ठरवतो. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. त्याच टेकडीवर एआरएआय आहे, अख्ख्या देशाच्या गाड्या तिथे तपासतात. माझ्या चाकांची परीक्षा मात्र गोडाऊनच्या कोपऱ्यात मोबाइलच्या टॉर्चवर झाली. इंजिनियरसाहेबांनी एक खोकं उघडलं, बाकीची तीन बाहेरून पाहिली. रिमच्या मागे जपानचं 'जेडब्ल्यूएल' हे मानक ओतलेलं असतं, ते मी उत्साहाने दाखवायला गेलो तर म्हणाले, "ते असू द्या." दोन फोटो काढले, खिशातून मार्कर काढला, रिमच्या दर्शनी बाजूवर आकडा घातला आणि लिहून दिलं की अजून पाच वर्षं आयुष्य आहे, किंमत ५२ हजार. बोटीच्या भाड्यासकट मला ३६ हजारांना पडलेला माल पाच मिनिटांत १६ हजारांनी वाढला. माझ्या एकाही फंडाने असा परतावा दिलेला नाही. आणि ३७.४७ टक्के कशावर? ५२ वर. साहेबांची फी ६ हजार, ती वेगळी.

तोवर ऑनलाइन क्वेरी येत असतात. २०२० पासून तपासणी 'फेसलेस' आहे. माल न्हावा शेवाला पडलाय, आणि कागद बघणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो. मला आलेली क्वेरी: उत्पादकाचं मूळ बिल जोडा. वीस वर्षांपूर्वी जपानमध्ये कुणीतरी आपल्या गाडीला घेतलेल्या चाकांचं! मी सीएचएला म्हणालो, हे कसं मिळणार? तो काय म्हणाला असेल ते तुम्ही ओळखलंच.

न्हावा शेवाला जाताना डबा बरोबर न्या.

एक पूरक सल्ला मला खूप जणांनी दिला, तोही देऊन टाकतो: "अरे, स्क्रॅप म्हणून दाखवायचं. नाहीतर नवीन म्हणून लिहून घ्यायचं त्या जपान्याकडून."

आता हे सल्ल्याबिल्ल्याचं नाटक पुरे. असं सांगणारे मला सात जण भेटले. सगळे शिकलेले, दोघं तर टॅक्स कन्सल्टंट. लाज कशी वाटत नाही हो? खोटं लिहिलं की माल सुटतो आणि खरं लिहिलं की जप्त होतो, हे तुम्हाला माहीत होतं, त्याचं काहीच वाटत नव्हतं, आणि वर मलाच हसता? "ओळख नव्हती का कुणाची?" हा दुसरा प्रश्न. नव्हती. चार चाकांसाठी ओळख का लागावी?

आणि कस्टम्सचे साहेब, तुम्हीही ऐका. मला टॅक्सचा राग नाही. ३७ टक्के घ्या, ५० घ्या, जुनं नकोच असेल तर दारावर पाटी लावा की जुनी चाकं आणू नयेत, अपमान होईल. मी आणणार नाही, नाना पेठेत जाईन. पण आकडा आधी सांगा! मी तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली, चौथं उत्तर बिलावर आलं. दंड ठरलेला, पेनल्टी ठरलेली, उशिराचे पैसे ठरलेले, सगळ्याचे दर तुमच्याकडे पाठ आहेत, फक्त ज्याच्या खिशातून जाणार त्याला ते शेवटी कळणार. आणि सुनावणी नको असं त्याच्याच हाताने लिहून घेणार. हे पत्र मी लिहून दिलं, याची मला त्या १ लाख १० हजारांपेक्षा जास्त चीड आहे. हो, तेवढे पडले. ड्यूटी १९,४८४, दंड आणि पेनल्टी मिळून ७,८००, गोडाऊन, डीओ (जहाज कंपनीची माल सोडायची चिठ्ठी) आणि "बघतो सर" मिळून ३१ हजार, बाकीचं वर सांगितलंच आहे.

चाकं आता गॅलरीत आहेत, टायरला पैसे उरले नाहीत. शेवटचं खोकं परवा उघडलं तर आत व्हॉल्व्हच्या चार टोप्या आणि एक चिठ्ठी. फोनवर भाषांतर केलं. ओरखड्याबद्दल माफी मागितली होती.

तो ओरखडा मला अजून सापडलेला नाही. मार्करचा आकडा आहे, ठसठशीत, ४/१. थिनर लावून बघितला, रॉकेल लावून बघितलं. जात नाही.