शंभर ग्रॅम नोरी कोण खातं?

समुद्री शेवाळ हे जगातलं सर्वांत पौष्टिक अन्न आहे, असं सांगणारा एक मेसेज आरोग्याच्या ग्रुपांवर अधूनमधून डोकं वर काढतो. दावे ठरलेले असतात. दुधाच्या दहापट कॅल्शियम, मटणाला लाजवेल असं प्रोटीन, पालकापेक्षा कितीतरी जास्त लोह, शाकाहाऱ्यांसाठी बी१२, शिवाय भरपूर आयोडीन. जपानी माणसं यामुळेच शंभरी गाठतात म्हणे. शेवटी उपाय: रोज दोन चमचे पावडर पाण्यातून घ्या.

यातले बरेच आकडे खोटे नाहीत, गोची आहे ती मापात. हे आकडे वाळवलेल्या शेवाळाच्या १०० ग्रॅमचे असतात. सुशी हा जपानी भाताचा पदार्थ ज्या शेवाळात गुंडाळतात, त्या नोरीचं अख्खं पान भरतं जेमतेम ३ ग्रॅम. १०० ग्रॅम म्हणजे तीसेक पानं झाली. एका बैठकीत ती कोण संपवतं?

प्रोटीनचंच बघा. वाळलेल्या नोरीत ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं, हे खरं. पण एका पानातून मिळालं किती? सव्वा ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम सहज मिळतं.

कॅल्शियमची ‘दहापट’ तर सरळ हातचलाखी आहे: एका पारड्यात सुकवलेलं शेवाळ, दुसऱ्यात पातळ दूध. सूपमध्ये घालतात त्या वाकामे नावाच्या सुक्या शेवाळाच्या ३ ग्रॅममधून २५-३० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. कपभर दुधात २०० च्या वर असतं, आणि ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतही पावणेदोनशेच्या घरात.

लोहाची गोष्ट मात्र रंगतदार आहे. हिजिकी नावाचं काळं शेवाळ जपानमध्ये वर्षानुवर्षं लोहाचा खजिना मानलं जायचं. तिथल्या सरकारी पोषण-तक्त्यात १०० ग्रॅमला ५० मिलिग्रॅमहून जास्त लोह नोंदलेलं होतं. २०१५च्या तक्त्यात एकाच हिजिकीच्या दोन नोंदी आल्या. लोखंडी कढईत उकळलेली: ५८ मिलिग्रॅम. स्टीलच्या भांड्यातली: ६. म्हणजे कौतुक शेवाळाचं चाललं होतं आणि लोह येत होतं कढईचं! आपल्याकडच्या लोखंडी तव्यांना आणि कढयांना इतकी प्रसिद्धी कुणी दिली नाही. याच हिजिकीत अजैविक आर्सेनिक हे विष इतकं आढळलं, की ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ती खाऊच नका असं लोकांना सांगितलं. मेसेजमध्ये ही ओळ कधीच नसते.

बी१२बद्दल थोडं सबुरीने. नोरीत ते असतं, पण शरीराला किती लागू पडतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या भरवशावर गोळी बंद करू नये. स्पिरुलिनाचं तसं नाही. एक तर ते समुद्री शेवाळ नव्हेच. ते नील-हरित जीवाणू, लोणार सरोवरासारख्या खारट, अल्कधर्मी पाण्यात वाढणारे. त्यांच्यातलं बहुतेक बी१२ नकली धाटणीचं असतं, माणसाच्या शरीराला निरुपयोगी.

आता आयोडीन. बाकी सगळं चिमूटभर शेवाळातून चिमूटभरच मिळतं, हे मात्र चिमटीतूनही ढिगाने येतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. कोंबू या जाड, तपकिरी शेवाळाच्या एकाच ग्रॅममध्ये दोन हजारांच्या आसपास असू शकतं. जपानने घालून दिलेली वरची मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमची आहे, युरोपची तर ६००ची. कोंबूची पावडर दोन चमचे, म्हणजे पाचेक ग्रॅम धरली, तरी आकडा दहा हजारांवर जातो. इतक्या आयोडीनने थायरॉइड मंदावू शकतो किंवा उलट बेफाम होऊ शकतो. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर कोंबू भरपूर खाणाऱ्यांमध्ये गलगंड आढळला होता, १९६० च्या दशकात त्यावर संशोधनही छापून आलं. आयोडीन कमी पडल्याने होतो तोच आजार जास्तीनेही होतो, हे बहुतेकांना पटत नाही. आणि आपण आयोडीनयुक्त मीठ खातोच.

राहिली शंभरी. दीर्घायुष्यासाठी गाजलेल्या, जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर कोंबू उगवतच नाही, तो होक्काइदोहून व्यापारातून यायचा. तिथल्या जुन्या पिढीचं पोट भरलं ते मुख्यतः रताळ्यांवर. रताळ्यांचा मेसेज कुणी पुढे ढकलत नाही.

म्हणून शेवाळ वाईट ठरत नाही. त्यात तंतू चांगले असतात, आणि चव तर अस्सल: जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ‘उमामी’ या रश्शासारख्या खमंग चवीमागचं ग्लुटामेट शोधलं ते कोंबूच्याच रश्शातून. भाजलेली नोरी भाताबरोबर आवडत असेल तर खुशाल खा. पावडरीच्या डब्यावर शेवाळाची जात आणि आयोडीनचं प्रमाण छापलेलं नसेल, तर डबा दुकानातच राहू द्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर छापलेलं असलं तरी आधी डॉक्टरांना विचारा.