पस्तिशीनंतरचं एमबीए आणि ४,४०० रुपये

एप्रिलमध्ये अप्रेझलचं पत्र हातात पडतं, वाढ आठ टक्के निघते, आणि ‘एमबीए करू का?’ असे फोन माझ्याकडे सुरू होतात. विचारणारा छत्तिशीचा, घराचा हप्ता चालू, पोरगं दुसरीत. मी आधी एवढंच विचारतो, काम बदलायचंय की साहेब? साहेब बदलायचा असेल तर नुसती नोकरी बदलावी. तीन महिन्यांच्या नोटिशीत भागतं.

काम बदलायचं असेल तर कागद-पेन घ्यावं. एक्सेल नको. तिथे माणूस नवा पगार मनाला येईल तो टाकतो आणि चौकट हिरवी करून झोपतो.

हातात महिना १,२५,००० येतात असं धरू. नामांकित संस्थेचा पूर्णवेळ एक वर्षाचा कोर्स, फी ३२ लाख. बुडालेला पगार १५ लाख. झाले ४७. त्यातले ३० लाख कर्ज, दहा टक्क्यांनी. कोर्सचं वर्ष आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही, यावर लोक फार खूश असतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली, तर साध्या व्याजानेही दीड वर्षात साडेचार लाख होतात. मग ३४.५ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता बसतो सुमारे ४५,६००.

नवी नोकरी लागली, हातात १,८५,०००. म्हणजे साठ हजारांचा फायदा? नाही. जुन्या जागी खुर्ची गरम करत बसला असतात तरी आठ टक्क्यांनी १,३५,००० झालेच असते. खरा फरक ५०,०००. हप्ता वजा जाता उरले ४,४००. एवढ्यात पोराची स्कूलबससुद्धा येईल न येईल. पुढच्या पगारवाढी मोठ्या आकड्यावर मिळतात हे खरं, पण ते फळ चाखायला पंचेचाळिशी उजाडते. शैक्षणिक कर्जाला प्राप्तिकरात सवलत मिळते ती फक्त व्याजावर, तीही आठ वर्षं आणि जुनी करप्रणाली घेतलीत तरच.

कागदावर न दिसणारी गळती वेगळीच. साडेचार वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा टाकलात तर ग्रॅच्युइटीवर पाणी. पाच वर्षं भरू द्यावीत. आईवडिलांचा विमा कंपनीच्या पॉलिसीत असेल तर तो शेवटच्या दिवशी संपतो, आणि नव्या पॉलिसीत बाबांच्या जुन्या मधुमेहाला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. त्यामुळे आधी पॉलिसी, मग बाणेदार राजीनामा.

माहितीपत्रकातलं ‘सरासरी पॅकेज’ मी वाचतच नाही. एकाला दुबईत मोठी नोकरी लागली की अख्ख्या वर्गाची सरासरी श्रीमंत होते. मीडियन, म्हणजे पगारांच्या रांगेत बरोबर मधे उभ्या असलेल्याचा आकडा मागावा, आणि त्यातला जॉइनिंग बोनस, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळाला तर मिळणारा भाग) सोलून काढावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक वर्षाच्या कोर्सात सहसा उन्हाळी इंटर्नशिप नसते. सॉफ्टवेअरमधून एकदम फायनान्समध्ये उडी मारणाऱ्याला जे दार हवं असतं, नेमकं तेच तिथे नसतं. म्हणून बरेच जण डिग्री घेऊन आयटीतच परततात, फक्त पदनाम लांबतं.

परीक्षेला मात्र लोक उगाच भितात. एमबीएच्या प्रवेशासाठीची जीमॅट २०२३ च्या नोव्हेंबरपासून सव्वादोन तासांची झाली, भूमिती गेली, प्रत्येक विभागात तीन उत्तरं बदलता येतात. राजीनाम्यात ही सोय नाही. गुण पाच वर्षं चालतात, म्हणजे निर्णयही पाच वर्षं लांबवता येतो, आणि लोक तो लांबवतातच.

आहे त्याच कंपनीत वर सरकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचे तीन वर्षांचे अर्धवेळ एमएमएम (मार्केटिंग), एमएफएम (फायनान्स) हे कोर्स बघावेत. फी त्या मानाने किरकोळ, नोकरी शाबूत. फक्त ऑफिसातून वेळेवर निघता आलं पाहिजे, आणि हे गणित कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड आहे. कंपनी पैसे भरत असेल तर बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास रक्कम पूर्ण भरायची की उरलेल्या महिन्यांपुरती, हे सही करण्याआधी वाचावं.

एवढं करूनही जीव अडकलाच असेल तर आपल्याइतकाच अनुभव घेऊन गेलेले तीन माजी विद्यार्थी शोधावेत, पोस्टरवरचे नकोत. ऑफर कितव्या महिन्यात आली, हातात किती पडतात, एवढंच विचारावं. ज्याचं बरं चाललंय तो दहा मिनिटांत मीटिंगला पळतो. ज्याचा हप्ता चालू आहे तो पाऊण तास बोलतो.