खुलासा: ‘एसआरटी’चा (सगुणा राईस तंत्राचा) तांदूळ आपोआप सेंद्रिय होत नाही

रायगड-रत्नागिरीतल्या शेतकरी गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणजे एसआरटीचा भात शंभर टक्के विषमुक्त.’ यातली पहिली तिन्ही वाक्यं खरी आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा.

नेरळहून पसरलेल्या या सगुणा राईस तंत्रात गादीवाफे (उंच वाफे) एकदाच करतात. साच्याने भोकं पाडून त्यात थेट बी टोकतात. कापणीनंतर रोप उपटायचं नाही, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्या कुजक्या मुळांच्या नळ्यांतून हवापाणी खाली जातं, गांडुळं वाढतात, पावसात मातीही कमी वाहून जाते. शिवाय भाताच्या खाचरात पाणी तुंबलं की मिथेन वायू बनतो, वाफ्यावर तो कमी होतो. आणि वाकून लावणी करणाऱ्या बायांची कंबर वाचते, हे कुठल्याच मेसेजमध्ये नसतं!

पण नांगर नाही, मग तण कसं जाणार? मूळ शिफारशीतच ग्लायफोसेटसारखी तणनाशकं आहेत, रासायनिक खतंही आहेत. कोकणात खाचराला लागूनच पऱ्ह्या (ओढा) असतो. फवारणीनंतर सर आली की औषध त्यात उतरतं आणि बेडूक, मासे यांना बाधतं. काहीजण हाताने बेणणी करून किंवा पेंढ्याचं आच्छादन घालून तणनाशक टाळतात. मजुरी वाढते, पण जमतं.

तांदूळ ‘सेंद्रिय’ म्हणून घेणार असाल तर पद्धतीचं नाव विचारू नका. काय फवारलं, ते विचारा.